मुलांना पुस्तक कसे वाटले, हे त्यांच्याच तोंडून ऐकताना

पारिजातक

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात आम्ही गेली ६ वर्षे दर शनिवारी संध्याकाळी मुलांची वाचनबैठक घेतो. तिसरीपासून नववीपर्यंतची १२ ते २० मुले येतात, सतरंजीवर गोल करून बसतात आणि आठवडाभरात वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलतात. मुलांच्या या बोलण्याविषयी मला जे काही कळले आहे, त्यातले बरेचसे माझ्या चुकांमधून कळले आहे. त्या चुका येथे मांडून इतरांचे अनुभव ऐकावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

आरंभी आम्ही एक नोंदवही ठेवली होती आणि तिच्यात चार रकाने आखले होते : पुस्तकाचे नाव, लेखक, सारांश आणि मिळालेला बोध. पहिल्या वर्षीची ती वही आज उघडली की मला वाईट वाटते, कारण तिच्या जवळजवळ प्रत्येक पानावर ‘हे पुस्तक मला खूप आवडले. यातून आपल्याला नेहमी खरे बोलावे हे शिकायला मिळते’ अशाच धर्तीची वाक्ये आहेत. चौथीतल्या एका मुलाने देवमाशांची माहिती देणाऱ्या पुस्तकाखाली ‘यातून आपल्याला कष्टाचे महत्त्व कळते’ असे लिहिले होते. त्याने पुस्तक वाचलेच नसावे, अशी माझी समजूत झाली. मात्र घरी जाताना चपला घालता घालता त्याने मला विचारले, की देवमाशाचे पिल्लू आईचे दूध पिते म्हणतात, तर ते समुद्राच्या पाण्यात पिताना दुधात खारे पाणी मिसळत नसेल का. हा प्रश्न त्याच्या डोक्यात आठवडाभर घोळत होता आणि आमच्या वहीत त्याला जागाच नव्हती. बोधाचा रकाना रिकामा ठेवायचा नसतो एवढे त्याला शाळेने नीट शिकवले होते, म्हणून त्याने तो भरून दिला होता.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि तिच्याविषयी लिहिताना मला अजूनही संकोच वाटतो. एका शनिवारी ‘श्यामची आई’ या पुस्तकावर बोलणे चालले होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आमच्याकडे घरोघरी असते आणि मुलांनी त्यातला एखादा भाग तरी ऐकलेला असतो. त्यातल्या ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात पोहायला जावे लागू नये म्हणून श्याम माळ्यावर लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला पाठवते. बराच वेळ गप्प बसलेली पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “मला आईचं पटलं नाही. मारलं तर पोहायला येईल, पण भीती जाईल का?” त्यावर सातवीतला एक मुलगा लगेच म्हणाला, “माझी गेली. काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, चार दिवसांत डबा सुटला.” मुलगी म्हणाली, “काकांनी तुला मारलं नव्हतं ना? ढकलणं वेगळं, मारणं वेगळं.” मग आठ-दहा मुले एकदम बोलू लागली. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा मार परवडला, असे काहींचे म्हणणे होते. आईलाच लोक काय म्हणतील याची भीती वाटत होती, असेही एकाने सांगितले आणि सगळे क्षणभर विचारात पडले. माझ्या ६ वर्षांतल्या सर्वांत चांगल्या बैठकींपैकी ती एक होती.

त्याच वेळी मागे बसलेले वाचनालयाचे एक ज्येष्ठ सभासद उठले आणि श्यामच्या आईविषयी असे बोलू नये, ते आपल्या संस्कारात बसत नाही, असे त्यांनी त्या मुलीला सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होते. पण मुलगी मान खाली घालून बसली. बैठक माझ्याकडे असूनही मी त्या वेळी काही बोलले नाही. पुढचे तीन शनिवार ती आली, पुस्तक बदलून घेतले आणि बैठकीला न थांबता निघून गेली.

त्यानंतर आम्ही वहीतले रकाने काढून टाकले आणि बैठकीत मोठ्या माणसांनी सर्वांत शेवटी बोलावे, असा नियम केला. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी १९९३ साली मुलांशी पुस्तकांविषयी कसे बोलावे यावर ‘टेल मी’ हे पुस्तक लिहिले. त्यातले चार साधे प्रश्न आम्ही आता वापरतो : काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कोणत्या गोष्टी एकमेकींशी जुळताना दिसल्या. मुलांना ‘का?’ असे थेट विचारू नये, कारण त्या प्रश्नाने त्यांना परीक्षेला बसल्यासारखे वाटते, त्याऐवजी ‘त्याविषयी सांग ना’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह आहे. तो मला अगदी पटला. ‘का आवडले?’ असे विचारले की आमची मुले आढ्याकडे बघतात, आणि ‘सांग ना’ म्हटले की सतरंजीवर पुढे सरकतात.

आपल्या घरी, शाळेत, वाचनालयात मुले पुस्तकांविषयी काय बोलतात? एखादे पुस्तक आवडले नाही असे मूल सांगते तेव्हा आपण काय करता?

खडूफळा

पारिजातकताई, धागा मनापासून आवडला. मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवले आणि आता निवृत्त आहे. बोधाच्या रकान्याविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते मी स्वतः केले आहे. परिपाठात रोज एका मुलाने गोष्ट सांगायची आणि शेवटी तात्पर्य म्हणायचे, ही पद्धत माझ्याही वर्गात अनेक वर्षे चालली.

तरीही सारांशाची बाजू मी थोडीशी घेणार आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारले की ते सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगू लागते. आपण वैतागतो आणि त्याला मत देता येत नाही असे ठरवतो. मला फार उशिरा उमगले, की त्या वयात गोष्ट पुन्हा सांगणे हेच मुलाचे मत असते, फक्त ते ऐकण्यासाठी मूळ पुस्तक आपण वाचलेले असावे लागते. मूल कोठे रेंगाळते, काय गाळते, कोणाच्या तोंडी नवीन वाक्य घालते, याकडे लक्ष ठेवावे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एक साहसकथा माझ्या वर्गातल्या एका मुलाने सांगितली होती. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा किडकिडीत बनेश फेणे आपल्याला चोर पकडणारा म्हणून आठवतो. पण या मुलाच्या सांगण्यात चोर दोन वाक्यांत पकडला गेला आणि सायकल दहा मिनिटे चालली. चढावर ती कशी जड झाली असेल, चेन पडली असती तर काय झाले असते, उतारावर ब्रेक लावावा की नाही, हे सगळे त्याने स्वतःच्या मनाने घातले. त्याचे गाव घाटाच्या माथ्यावर होते आणि त्याच्याकडे सायकल नव्हती. त्या गोष्टीवर यापेक्षा खरा अभिप्राय मी ऐकलेला नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. मुलांकडे मत असते, पण ‘आवडले’ आणि ‘नाही आवडले’ या दोन शब्दांत ते मावत नाही. आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि पुस्तकाविषयी वापरता येतील असे शब्द मुलांनीच त्यावर लिहायचे ठरवले. पहिल्या महिन्यात ‘छान’, ‘मजेशीर’, ‘कंटाळवाणे’ असे शब्द आले. हळूहळू ‘घाईघाईने संपवलेले’, ‘मधेच थंड झालेले’, ‘रडवून मग हसवणारे’, ‘मोठ्यांना आवडेल असे’ अशी भर पडत गेली. शेवटचा प्रकार मुले कोणत्या पुस्तकांना लावत, हे बघून शाळेच्या कपाटासाठी पुस्तके निवडण्याची माझी पद्धतच बदलली. एका मुलाने ‘चांदोबा’च्या जुन्या अंकातल्या कथेविषयी ‘राजा फार बोलतो’ एवढेच लिहिले होते. मी ती कथा पुन्हा काढून वाचली आणि राजा खरोखरच फार बोलत होता.

माडबाग

मी सिंधुदुर्गात असते आणि आमच्या वाडीवरच्या मुलांसाठी पुस्तकपेटी चालवते. खडूफळा गुरुजींनी शब्दांचा मुद्दा काढला आहे, त्याला मला भाषेचा मुद्दा जोडायचा आहे. आमची मुले घरी मालवणी बोलतात. पुस्तकाविषयी बोलायला उभी राहिली की ती पुस्तकी मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात, आणि त्या प्रयत्नात निम्मे लक्ष क्रियापदांकडे जाते. ‘मला हे पुस्तक आवडले कारण की’ असे म्हणून मूल थांबते. कारण त्याच्याजवळ असते, पण ते मालवणीत असते.

मी एकदा, फारसा विचार न करता, त्यांच्याशी पेटीजवळ मालवणीतच बोलू लागले. पुस्तक होते एका आजोबांचे आणि नातवाचे. सहावीतला एक मुलगा, जो तोपर्यंत कधीही दोन वाक्यांपलीकडे गेला नव्हता, म्हणाला, “माका तो आजो आवडलो. पण तो खरो आजो नाय. खरो आजो इतको गप रवणा नाय.” मग त्याने स्वतःचे आजोबा कसे बोलतात, ते मासे निवडताना कसे चिडतात, झोपाळ्यावर बसून कोणाकोणाला हाका मारतात, हे सगळे सांगितले आणि लेखकाने असा आजोबा घालायला हवा होता असे सुचवले. पुस्तकातले पात्र खऱ्या माणसासारखे उतरले आहे की नाही, हे तो तपासत होता. समीक्षक मोठमोठ्या शब्दांत जे करतात तेच हे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लिहायची वेळ येते तेव्हा ती प्रमाण मराठीत लिहितात आणि लिहावेच, त्याला माझा विरोध नाही. पण मत आधी घरच्या भाषेत तयार होऊ द्यावे, मग त्याला हवे ते कपडे घालता येतात.

तुळशीवृंदावन

सर्वांचे प्रतिसाद वाचत आहे. माझी अडचण थोडी वेगळी आहे. माझ्या मुलाच्या शाळेत वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, प्रत्येकाने एका पुस्तकाचे परीक्षण लिहून आणायचे असते. मागच्या वर्षी त्याने एका प्रसिद्ध चरित्रात्मक पुस्तकाविषयी खरे लिहिले, की पहिली तीन प्रकरणे त्याला समजली नाहीत आणि चौथ्यापासून ते आवडू लागले. बाईंनी ते परत दिले आणि नकारात्मक वाक्ये काढून पुन्हा लिहायला सांगितले, कारण ते फलकावर लावायचे होते. दुसऱ्यांदा त्याने इंटरनेटवरून उतरवून दिले आणि त्याचे कौतुक झाले. त्याला मी काय सांगावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

पारिजातक

तुळशीवृंदावनताई, हे वाचून फार वाईट वाटले. डॉ. कलामांच्या जन्मदिनी २०१५ पासून हा दिवस आपल्याकडे साजरा होतो आणि त्या निमित्ताने मुलांच्या हाती पुस्तक पडते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फलकासाठी लिहिलेले परीक्षण आणि स्वतःसाठी लिहिलेले मत, या दोन्ही गोष्टी एकाच कागदाकडून मागितल्या की मूल पहिलीच देते. मी तुमच्या जागी असते तर त्याचे पहिले परीक्षण जपून ठेवले असते आणि त्याला सांगितले असते, की तीन प्रकरणे समजली नाहीत हे ज्याला लिहिता आले, त्याने ती लक्ष देऊन वाचली होती. शक्य असेल तर ते येथे देता का? आमच्या बैठकीतल्या मुलांना वाचून दाखवायला मला आवडेल.

दूरदेशी

मी जर्मनीत राहतो आणि आमच्या शहरातली काही मराठी कुटुंबे मिळून रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेतो. आमच्याकडे पेच असा आहे, की बारा वर्षांच्या मुलाची समज बारा वर्षांची असते, पण मराठी वाचनाची गती सहा-सात वर्षांच्या मुलाची असते. त्याला झेपेल असे पुस्तक दिले की ‘हे बाळांचे आहे’ म्हणून तो बाजूला ठेवतो, आणि त्याच्या वयाचे दिले की दुसऱ्या पानावर दमतो.

आम्ही माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ हे संच मोठ्या मुलांच्या हाती दिले, पण वाचक म्हणून दिले नाहीत. लहान मुलांना ही पुस्तके वाचून दाखवायची आणि नंतर कोणत्या पानावर लहान मुले सर्वांत जास्त बोलली हे टिपून ठेवायचे, अशी जबाबदारी दिली. चित्रे आणि मजकूर दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत हे त्यांना सांगितल्यावर शब्दांत नसलेले पण चित्रात असलेले काय काय सापडते, याचा शोध त्यांनी स्वतःहून सुरू केला. तेरा वर्षांच्या एका मुलीने फार नेमके सांगितले. ती म्हणाली, की मजकूर मला कळतो म्हणून मी भरभर जाते, पण लहान मुले चित्रावर थांबतात आणि त्यांनाच घरातल्या गोष्टी जास्त दिसतात. पुढे ती म्हणाली, “आमच्या घरात आम्ही तिघेच असतो, त्यामुळे राधाचे घर मला गोष्टीतले वाटते, आणि आईला ते आठवणीतले वाटते.” तिच्या आईने हे वाक्य ऐकले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक हे स्वतः शिक्षक होते. त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. त्यांत पुस्तक अर्ध्यात सोडण्याचा हक्क आहे, तो बहुतेकांना माहीत असतो. पण शेवटचा, दहावा हक्क वाचलेल्या पुस्तकाविषयी गप्प राहण्याचा आहे. मुलांना बोलते करण्याच्या आपल्या उत्साहात तो विसरला जाऊ नये. आमच्या वर्गात एक मुलगा दोन वर्षे काहीच बोलत नाही, मात्र एकही रविवार चुकवत नाही आणि पुस्तके नेतो. त्याला बोलते करण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला आहे आणि त्याच्या गप्प बसण्याची चर्चा घरच्यांनीही करू नये, अशी विनंती केली आहे.

ग्रंथपेटी

मी ग्रंथपाल आहे. चर्चा बैठकींची चालली आहे, पण मुलांची मते बैठकीशिवायही फिरू शकतात, हे मला सांगायचे आहे. ग्रंथालयशास्त्र शिकताना डॉ. रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रे आम्ही पाठ केली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यांतली दोन. दुसऱ्याचा अर्थ मला मुलांनी शिकवला.

बालविभागातली कितीतरी पुस्तके वर्षानुवर्षे कोणी नेत नाही. मागच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का पाच-सहा वर्षांपूर्वीचा असतो. आम्ही त्याच कागदाशेजारी एक कोरा कागद चिकटवला आणि त्यावर ‘पुढच्या वाचकासाठी’ एवढेच लिहिले. नाव लिहायचे नाही, इयत्ता लिहिली तरी चालेल. शिक्षकांसाठी नाही, पालकांसाठी नाही, आमच्यासाठीही नाही, तर पुढे जे मूल हे पुस्तक नेईल त्याच्यासाठी एक-दोन ओळी लिहायच्या.

एका जाड साहसकथेच्या मागे, जी पूर्वी कोणी हातात घेत नसे, असे लिहिलेले सापडले : ‘पान ४० पर्यंत धीर धरा. इयत्ता ६ वी.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात : ‘मी धरला. बरोबर आहे.’ त्याखाली तिसऱ्या अक्षरात : ‘मला पान ५५ पर्यंत धरावा लागला, पण मग मी रात्री जेवलो नाही.’ चौथ्याने बहुधा नुसतेच ४० वे पान उघडून वाचले असावे, कारण त्याने लिहिले होते : ‘४० पासून वाचले तर समजत नाही. पहिल्यापासून वाचा.’ या चार मुलांनी एकमेकांना कधी बघितले असेल असे मला वाटत नाही. ते पुस्तक आता कपाटात टिकत नाही.

मत कोणासाठी आहे, यावर त्याचा सगळा सूर ठरतो. मोठ्यांसाठी लिहिताना मुले पुस्तकाची स्तुती करतात. दुसऱ्या मुलासाठी लिहिताना ती वाट सांगतात : येथे खड्डा आहे, तेथे सावली आहे. एका भुताच्या गोष्टींच्या पुस्तकावर ‘रात्री वाचू नका, दुसरी गोष्ट सोडून’ असे लिहिलेले आहे. ती दुसरी गोष्ट मी मुद्दाम वाचली. तिच्यात भूतच नाही.

नववीतली वाचक

मी आईच्या खात्यावरून, तिच्या परवानगीने लिहीत आहे. आईने हा धागा मला वाचायला दिला. सगळे मोठेच लिहीत आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले.

आम्हांला मत विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर आधीच हवे असते, हे आम्हांला लगेच कळते. ‘किती छान आहे ना हे पुस्तक?’ हा प्रश्न नसतो. ‘किती पाने झाली?’ हाही पुस्तकाविषयीचा प्रश्न नसतो. मी लहान होते तेव्हा पुस्तक वाचून झाले की धावत जाऊन सांगायचे आणि ऐकणारे मोबाइलकडे बघत ‘हो का, अरे वा’ म्हणायचे. मग मी सांगणे बंद केले. वाचणे बंद केले नाही.

‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मी मराठीत दोनदा वाचले. तेत्सुको कुरोयानागी यांनी ते स्वतःच्या शाळेविषयी लिहिले आहे. पाचवीत वाचले तेव्हा मला रेल्वेच्या डब्यांतले वर्ग आवडले आणि आमच्या शाळेतही तसा एक डबा असावा असे वाटले. मत विचारले असते तर मी तेवढेच सांगितले असते. आठवीत पुन्हा वाचले तेव्हा डब्यांपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी त्या मुलीला म्हणतात, की तुला जे सांगायचे असेल ते सगळे सांग, आणि ते तब्बल चार तास ऐकत बसतात. एकदाही जांभई देत नाहीत. तिचे सांगणे संपते तेव्हाच ते थांबतात. मी घड्याळ लावून बघितले, की मी न थांबता किती वेळ बोलू शकते. सतरा मिनिटे झाली आणि माझे सांगणे संपले. मला चार तास बोलायची सवयच नाही, कारण तेवढे कोणी ऐकेल असे मला कधी वाटलेच नाही.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या वेळी दिसली. तोत्तोचानला आधीच्या शाळेतून काढून टाकले होते, हे तिच्या आईने तिला ती वीस वर्षांची होईपर्यंत सांगितले नाही. माझ्या मैत्रिणीला हे चुकीचे वाटते. तिच्या मते स्वतःविषयीचे खरे सगळ्यांना कळले पाहिजे. मला मात्र आईचे बरोबर वाटते, कारण ती मुलगी नव्या शाळेत गेली तेव्हा तिच्या मनात ‘मी वाईट आहे’ असे नव्हते. आमचे यावर अजून एकमत झालेले नाही आणि दर वेळी बोलताना नवीन मुद्दा निघतो. मला वाटते ते पुस्तक आम्हां दोघींचे त्यामुळेच आवडते आहे.

मोठ्यांना एक विनंती आहे. आम्ही मत बदलले तर ‘आधी तर असे म्हणाली होतीस’ असे म्हणू नये.

खडूफळा

बाळ, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सतरा मिनिटांचा तुझा हिशेब वाचून मला माझे वर्ग आठवले. तासिका ३५ मिनिटांची आणि मुले ४२, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला एक मिनिटही येत नसे. त्यातले निम्मे मीच बोलत असे. तुझी विनंती मी पाळीन.

माडबाग

ग्रंथपेटींची कागदाची युक्ती मी आमच्या पेटीतल्या पुस्तकांना लावणार आहे. पावसाळ्यात दमट हवेने डिंक सुटतो, म्हणून मी कागद दोऱ्याने शिवून घेईन. मुलांनी त्यावर मालवणीत लिहिले तरी चालेल, असेही वर लिहिणार आहे.

तुळशीवृंदावन

पारिजातकताई, मुलाचे पहिले परीक्षण सापडले, ते रद्दीत गेले नव्हते. त्याला विचारूनच त्यातला शेवट येथे देत आहे : ‘पहिल्या तीन प्रकरणांत खूप माणसांची नावे एकदम येतात. मी वहीत त्यांची यादी केली तेव्हा मला कळायला लागले. ज्याला वाचायचे असेल त्याने आधी यादी करावी. पुस्तक चांगले आहे पण त्याने आपल्याला मदत करायला हवी होती.’

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या मुलाचे परीक्षण या शनिवारी वाचून दाखवले आणि तीन मुलांनी ते पुस्तक मागितले. एकाने यादीसाठी कागदही मागून घेतला.

‘श्यामचे पोहणे’ पटले नाही असे म्हणणाऱ्या मुलीविषयी काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. चौथ्या शनिवारी मी तिच्या घरी गेले होते आणि त्या दिवशी मी बोलायला हवे होते, माझे चुकले, असे तिला सांगितले होते. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती परत येऊ लागली. ती आता सातवीत आहे. ज्येष्ठ सभासदांशीही मी तेव्हाच बोलले होते. त्यांचे मत आजही तेच आहे आणि त्यांनी ते का बदलावे, याचे कारण माझ्याजवळ नाही. मात्र शेवटी बोलण्याचा नियम त्यांनी मान्य केला आणि ते दर शनिवारी येऊन बसतात.

नववीतल्या वाचकाच्या विनंतीवरून आम्ही एक बदल केला आहे. जुन्या वह्या मुलांसाठी उघड्या ठेवल्या आहेत आणि आपल्या आधीच्या मताखाली नवे मत तारीख घालून लिहिता येते. देवमाशांच्या मुलाने, जो आता नववीत आहे, ‘कष्टाचे महत्त्व’ या ओळीखाली लिहिले आहे : ‘मी शोधून काढले. देवमाशाचे दूध खूप घट्ट असते, त्यामुळे ते पाण्यात लगेच विरघळत नाही.’ त्या मुलीने आपले पान उघडले, बराच वेळ वाचले आणि काही न लिहिता वही मिटून ठेवली. जाताना तिने त्या आजोबांना विचारले, की तुम्हांला पोहायला कोणी शिकवले. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या शेवटी ते सांगणार आहेत.